जर्मन मांडवातले व्याही

दोन हजार सोळा नाहीतर सतराची गोष्ट असेल. आमचे व्याही, म्हणजे सुनेचे वडील, नाशिकहून दीड महिन्यासाठी आमच्याकडे ऑकलंडला आले होते. माणूस सज्जन, पण जुन्या वळणाचा. लेकीच्या सासरी खाऊ नये, हे हाडात भिनलेलं. आता इथे बॉटनी डाउन्समध्ये दुसरीकडे जेवणार कुठे? म्हणून जेवायचे, पण पानात एकदा वाढलं की संपलं. सून फार्मसीतून दमून यायची, त्यांच्यासाठी भरली वांगी करायची, आणि हे ताटावर हात आडवा धरायचे. "पुरे गं, पोट भरलं."

तिची आई गेल्यापासून ते तसे मिटलेच होते. एकदा ओट्याशी सून मला म्हणाली, "आई, बाबा माझ्याकडे पाहुण्यासारखे राहतात हो. असेच परत जाणार." त्यांना संकोच माझाच होता ना, विहीण समोर बसलेली!

जायला तीन दिवस उरले, तेव्हा मुलाने जर्मन बिअर फेस्टिवलची तिकिटं काढली. एप्रिल म्हणजे इथली पानगळ, सगळ्या रस्त्यावर पिवळा सडा. व्याही म्हणाले, "मी घर सांभाळतो." मी म्हटलं, "घराला काय पाय फुटलेत? चला."

मैदानात हा एवढा पांढरा मांडव! आत लांबच लांब टेबलं नि बाकं, आणि चौथऱ्यावर खांद्यावरून पट्टे घेतलेल्या चामड्याच्या अर्ध्या चड्ड्या घातलेले बाप्ये अकॉर्डियन नि ट्रम्पेट वाजवतायत. मधूनच बँडवाला काहीतरी ओरडला की सगळे उभे राहून बिअरचे मग उंचावणार. कळत काही नव्हतं, तरी मीही उभी राहायचे. मी शाकाहारी, पण मला बटाट्याचं सॅलड मिळालं आणि ताटाएवढा प्रेट्झेल, पीळ घातलेला खारा पाव. मोहरीच्या चटणीशी काय लागतो म्हणून सांगू! मला नि व्याह्यांना सफरचंदाचा रस. मुलाला गाडी चालवायची, तोही रसावरच. बिअर एकट्या सुनेने घेतली, माझ्याकडे चोरून बघत. जसं काही शुक्रवारी आमच्या फ्रीजमध्ये काय असतं ते मला ठाऊकच नाही!

व्याह्यांची नजर मात्र त्या मगांवरून हटत नव्हती. आयुष्य कारखान्यात काढलेला माणूस, मित्रांबरोबर घेत असणारच. पण विहिणीसमोर? छे!

शेवटी मी मुलाला उठवलं. "मला ती किसलेल्या बटाट्याची थालीपीठं हवीत. रांग मोठी आहे, आम्हाला वेळ लागेल हं." सून समजली.

पण माझा अंदाज चुकला. रांग इतकी भरभर सरकली, की दहा मिनिटांत आम्ही परत! व्याह्यांच्या हातात मग, मिशीला पांढरा फेस. मला बघितलं मात्र, हातातला मग झटकन बाकाखाली! उरलेली बिअर त्यांच्या बुटात.

सुनेचा चेहरा एवढासा झाला. आत्ता कुठे बाप मोकळा होत होता, आणि मी कडमडले.

"अहो व्याहीबुवा," मी म्हटलं, "बुटाला कशाला पाजताय?"

"माफ करा विहीणबाई, लेकीच्या घरी येऊन हे असं..."

"लेकीचं घर कुठे आहे हे? हा जर्मनाचा मांडव. इथे मी वरमाय नाही नि तुम्ही मुलीकडचे नाही. आधी ती मिशी पुसा."

सून फिसकन हसली. मग मुलगा. आणि मग व्याही असे गदागदा हसले, की पलीकडच्या टेबलावरच्या गोऱ्या आजींनी त्यांच्याकडे बघून आपला मग उचलला. दीड महिन्यात मी त्यांचं हसू ऐकलंच नव्हतं. मोठ्या आवाजाचा माणूस निघाला की हा!

मिशी पुसायची राहिलीच. त्यांनी रिकामा मग लेकीपुढे सरकवला. "अजून एक आण गं. आणि ते सॉसेजही आण, भूक लागलीय मला."

सून ताडकन उठली. मुलगा म्हणाला, "अगं बस, मी आणतो."

"तू बस," ती म्हणाली. "माझ्याकडे मागितलंय त्यांनी."

सॉसेजची रांग मात्र खरोखरच मोठी होती. तिच्यात उभी राहून ती सारखी टाचा उंचावून आमच्या टेबलाकडे बघत होती.