बर्तोल्दीचं शेवटचं वाक्य

मरणाऱ्या माणसाचं शेवटचं वाक्य ऐकून घेणं हे जिवंत माणसाचं पहिलं कर्तव्य आहे, असं माझं ठाम मत आहे. आयुष्यात ते मी एकदाच चुकवलंय, आणि तेसुद्धा कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून.

मरणारा माणूस व्हिडिओ गेममधला होता, हे आधीच सांगितलेलं बरं. आमची मुलगी ऋजुता जर्मनीला शिकायला जाताना तिचा गेम टीव्हीखाली ठेवून गेली, आणि स्वेच्छानिवृत्तीनंतर वेळ जाईना म्हणून मी पाचशे वर्षांपूर्वीच्या इटलीत मुडदे पाडू लागलो. काउंट बर्तोल्दी हा तिथला खलनायक, पण किरकोळ. उतरंडीत अकरावा. शहराच्या कुठल्या दरवाज्याची कडी ढिली आहे हे त्याने शत्रूला कळवलं. त्यापायी सरदारकी गेली, मग त्याने मखमलीचं दुकान टाकलं. आज सकाळी साडेअकराला मी त्याला त्या दुकानात भोसकलं. तो पडला, माझा नायक त्याच्यावर वाकला, आणि स्वयंपाकघरात शिट्टी झाली. "तिसरीला गॅस बंद करा, नाहीतर डाळीचा लगदा होतो," असं बजावून माझी बायको अनुपमा बाहेर गेली होती. मी अंगठ्याने प्रसंग वगळायचं बटण दाबलं आणि धावलो. डाळ उत्तम शिजली.

आता दुपार आहे. जेवण झालंय, मी सोफ्यावर कुशीवर पडलोय. पंखा फिरतोय. खाली भंगारवाला ओरडतोय, आणि त्याचं ते "रद्दीऽ पेपरऽ" लांबत लांबत इटालियन होत चाललंय.

"या, बसा," बर्तोल्दी म्हणतो. "वहिनी नाही आल्या?"

तो पांढऱ्या गादीवर बसलाय. बरगडीशी एक जुना चादरीचा तुकडा दाबून धरलाय, मालावर डाग पडू नये म्हणून. मला बघून तो उठत नाही. सरदार गिऱ्हाइकासाठी उठत नसतो. दुकान का चालत नव्हतं ते मला आत्ता कळतं.

"पोतनीस, तुम्ही मला मारलंत, त्याचं काही नाही," तो म्हणतो. "तुमचं कामच ते. पण माझं वाक्य होतं हो."

"कसलं वाक्य?"

"शेवटचं. अख्ख्या खेळात मला चार वाक्यं. पहिलं, 'कोण आहे तिकडे?' दुसरं-तिसरं मखमलीच्या भावाचं. चौथं मरताना. मी तोंड उघडलं आणि तुम्ही निघून गेलात."

"डाळ लागली असती."

"तुरीची?"

"हो."

तो थोडा विचार करतो. "मग बरोबर आहे," म्हणतो.

त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आता सांगा ना," मी म्हणतो. "मी कुठे जात नाहीये."

तो गळपट्टी सारखी करतो, घसा साफ करतो. "जिवंतपणी मी खरं असं काही बोललो नाही, पोतनीस. हे एकच होतं. त्या दरवाज्याचं मी जे केलं, ते का केलं, एवढंच त्यात आहे. तर मी–"

आणि माझा उजवा अंगठा हलतो. त्याच्याखाली बटण नाही, काही नाही. नुसता सवयीने हलतो.

बँकेत रांग आहे. हयातीच्या दाखल्याची. दर नोव्हेंबरात आम्ही पेन्शनवाले इथे येऊन आपण जिवंत असल्याचं अंगठा ठेवून सिद्ध करतो. माझ्यापुढे बर्तोल्दी उभा आहे, डोक्याला पीस लावलेली टोपी.

"अंगठा ठेवा, काका," काउंटरवरची बाई म्हणते. तो ठेवतो. लाल दिवा. "पुसून ठेवा." पुन्हा लाल.

"बाई, मी सकाळी साडेअकराला वारलो."

"मग दाखला मिळणार नाही. पुढचे!"

"एक वाक्य बोलून जाऊ का?"

"बोला. पण बाजूला उभं राहून. रांग अडवू नका."

तो मुकाट बाजूला होतो. माझ्याकडे वळतो. डोळ्यांत पाणी आहे, की गेमच्या चित्रकाराने ते तसेच रंगवलेत, मला कळत नाही. "पोतनीस, ऐका. मी तो दरवाजा–"

"काका, तुमचा अंगठा," बाई मला म्हणते.

मी ठेवतो. हिरवा दिवा.

पार्किंगमध्ये सोसायटीची वार्षिक सभा भरलीय. गच्चीच्या गळतीवर बोलून झालंय. शेवटच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बर्तोल्दी हात वर करून बसलाय. हात बराच वेळ वर असावा, कारण दुसऱ्या हाताने त्याने तो धरलाय.

"तुमचं काय?" सेक्रेटरी निमखेडकर विचारतात.

"एक वाक्य आहे."

"तुम्ही भाडेकरू ना? भाडेकरूंना सभेत बोलता येत नाही."

"मी सरदार आहे."

"असाल. मालकाचं पत्र आणा."

सगळे हसतात. मी उठून म्हणणार असतो की अहो, बोलू द्या त्याला, मेलाय तो. मी उठतोही. पण तोंड उघडत नाही. मला हळूहळू कळतं की या प्रसंगात माझ्या वाट्याला एकही वाक्य दिलेलं नाही.

बर्तोल्दी माझ्याकडे बघत हात खाली घेतो. अंगठा पुन्हा हलतो. मी त्याला थांबवत असतो, तरी हलतो.

आमचं स्वयंपाकघर. ओट्याशी आम्ही दोघंच. तो मखमलीची पट्टी टरकन फाडतो आणि माझा उजवा अंगठा तळहाताशी आवळून बांधतो.

"कापड अस्सल आहे," तो म्हणतो. "रंग जाणार नाही." मग स्वतःच ओशाळतो. "सवय हो. माफ करा. दुखत नाही ना?"

"नाही. तुम्ही बोला. पटकन बोला."

"दरवाज्याची कडी ढिली आहे, हे मी कळवलं, कारण–"

तो श्वास घेतो. मीही घेतो. आत्तापर्यंत इतका वेळ आम्हाला कधी मिळाला नव्हता. उजवा अंगठा मखमलीत गप्प पडलाय. मी त्याच्या ओठांकडे बघतोय, ते उघडतायत.

डावा अंगठा हलतो.

"चहा टाकू का?" अनुपमा विचारते. "आणि मघापासून 'बोला, बोला' कुणाला म्हणताय?"

गेमचा रिमोट माझ्या डाव्या हाताखाली अडकलाय. अंगठ्यावर बटणाचा गोल वळ उठलाय. चोळला तरी जात नाही, नखाच्या कडेपर्यंत लाल आहे.

मी ऋजुताला मेसेज करतो: बर्तोल्दी मरताना काय म्हणतो?

तिचं उत्तर लगेच येतं. "कोण, तो मखमलवाला? काहीच नाही, बाबा. शेवटची वाक्यं पहिल्या सात जणांनाच आहेत. बाकीच्यांना एक 'आह' आहे. तोही सगळ्यांना एकाच माणसाच्या आवाजातला आहे."