बिनशिशाचं पेट्रोल

बुलढाण्याबाहेरच्या धावपट्टीवर मी चहाची टपरी चालवते. तिथं दोघा मित्रांची दोन छोटी विमानं आहेत. त्यातले जाडे भाऊ बोलता बोलता बशी विमानासारखी डोलवतात आणि चहा सांडतात.

दोघांचं भांडण कायम पेट्रोलवरून. विमानाच्या पेट्रोलात शिसं असतं, भाऊ मात्र बिनशिशाचं मागवतात. दुसरे म्हणतात, "तुह्या बिनशिशाच्या पेट्रोलानं इंजिन बसन बे!"

"अन् तुह्यावालं शिसं कुठी पडते? खालच्या तुरीवर. त्या तुरीचं वरन कोन खाते? तूच!"

आज भाऊ मला म्हणाले, "ताई, चाला, फिरवून आनतो." मी कधी विमानात बसले नव्हते, पण नाही म्हणवेना. त्यांनी मला सोयाबीन मोजायच्या काट्यावर उभं केलं आणि डोकं खाजवलं. आम्हा दोघांचं वजन विमानाला जास्त होत होतं. मला वाटलं, राहिलं आता.

दुसरे हसले, "टाकी भरेल हाय तुही. ताईले ठेव खाली."

"ताईले काऊन? पेट्रोल ठेवतो. जवळच फिरू." एवढ्या हट्टानं मागवलेलं ते पेट्रोल भाऊंनी डब्यात काढून टाकी अर्धी केली.

विमान उडालं. शेतं रुमालाएवढी दिसू लागली. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही, पण तिथं मी ओरडले, "भाऊ, अजून वर!"