पहिल्या लिंबाचा लिलाव

नोव्हेंबरात वारज्याच्या आमच्या बाल्कनीत ऊन उशिरा येतं. समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाक्यांशी ते आधी रेंगाळतं, मग सावकाश आमच्या कठड्यावरून उतरून कुंडीतल्या लिंबाच्या झाडापाशी पोचतं, आणि तेवढ्याशा उबेनेही पानांचा तो किंचित कडवट, स्वच्छ गंध खोलीभर पसरतो. एस्तेर, माझी पत्नी, नेमकी याच वेळी चहाचा कप घेऊन तिथे उभी राहायची. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती गेली. तेव्हापासून चहा मी एकटाच घेतो, आणि झाडाला पाणी घालायचं तिचं काम माझ्याकडे आलं आहे.

घरातल्या पैशाचं कामही तसंच माझ्याकडे आलं. कचेरीत जन्मभर मी इतरांचे हिशेब तपासले, घरात मात्र कधी लक्ष घातलं नाही. पेन्शन आली की एस्तेर सगळ्यात आधी दशमांश, म्हणजे देवाचा दहावा वाटा, पाकिटात घालून बायबलखाली ठेवायची. दूधवाला, वीजबिल, औषधं यांचा नंबर त्यानंतर. सगळं भागवून उरेल ते देवाला देणं म्हणजे पाहुण्याला शिळं वाढणं, असं ती म्हणे. आणि हीच बाई कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवालीशी अशी घासाघीस करी, की मी संकोचून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राही. आता बंगलोरहून मुलगी फोनवर सांगते, "पप्पा, दशमांश सध्या थांबवा ना. एकट्या माणसाने औषधपाण्याला पैसे राखून ठेवावेत." तिचं काही चूक नाही. मी बरं म्हणतो, आणि पेन्शनच्या दिवशी पाकीट भरतो. त्यात श्रद्धा किती आणि सवय किती, मला सांगता येणार नाही. पाकीट भरताना एस्तेर स्वयंपाकघरात असल्यासारखी वाटते, हे मात्र खरं.

झाड तिनेच लावलं होतं. खतपाणी, लाडीगोडी, रागावणं, सगळं करून झालं, पण त्याने तिच्या हयातीत एकही फळ दिलं नाही. आणि या पावसाळ्याच्या अखेरीस, पाहणारी नसताना, त्याला एकच लिंबू धरलं. ते हिरव्याचं पिवळं होईपर्यंत मी रोज त्याच्यापाशी जाऊन उभा राहत होतो. दुसरं करण्यासारखं फारसं काही नव्हतंच.

आमच्या चर्चमध्ये याच सुमारास हंगामाची उपकारस्तुती, म्हणजे नव्या पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याची उपासना, होते. वास्तविक आमच्यापैकी बहुतेकांच्या नावावर वीतभर शेत नाही. तरी त्या रविवारी वेदीपुढे ऊस, भोपळे, मेथीच्या जुड्या, घरचे केक, लोणच्याच्या बरण्या आणि पाय बांधलेली एखादी कुरकुरणारी कोंबडीसुद्धा येते. उपासना संपली की अंगणात त्या सगळ्याचा लिलाव होतो, आणि येणारी रक्कम आजाऱ्यांच्या मदतीला जाते. एस्तेरचा हा वर्षातला सर्वांत आवडता तास. तिची हाडवैरी आणि जिवाभावाची मैत्रीण मनोरमाबाई. एकीने बोली लावली की दुसरी ती चढवणारच. एकदा साध्या दुधीच्या किमतीत आमचा आठवड्याचा बाजार झाला असता. मी कुरकुरलो, तर म्हणाली, "बाजारात भाव करायचा असतो, अहो. इथे नाही."

पहिलं फळ देवाचं, हा तिचा नियम. कुंडीतली पहिली मिरचीसुद्धा तिने रुमालात बांधून वेदीपाशी नेली होती. मला मात्र हे लिंबू द्यायचं नव्हतं. तिने वाट पाहिलेलं आणि तिला न दिसलेलं ते फळ होतं. दुसऱ्या कुणी ते वरणावर पिळावं, ही कल्पनाच मला सोसवेना. शेवटी निवृत्त कारकुनाला शोभेलशी तोड मी काढली: लिंबू वेदीवर ठेवायचं आणि लिलावात आपणच परत घ्यायचं. नियमही पाळला जाईल आणि लिंबूही घरी येईल. त्यासाठी खिशात वेगळे पैसे घेऊन मी बसमध्ये बसलो.

पाळकसाहेबांनी प्रार्थनेत त्या लिंबाचा उल्लेख केला. आमच्या दिवंगत भगिनीच्या झाडाचं पहिलं फळ, असं ते म्हणाले. त्यांच्या मनात चांगलंच होतं; पण पुढे लिलावात लिंबू वर धरलं गेलं आणि मी "पन्नास" म्हणालो, तेव्हा अंगणातला सगळा कलकलाट विझला. आत्ताच भोपळ्यावरून हमरीतुमरीवर आलेली माणसं चपलांकडे पाहू लागली. मनोरमाबाईंनी पदर तोंडाशी धरला. कुणीच माझ्यावर बोली चढवणार नव्हतं. लिंबू मला सहज मिळणार होतं, आणि मला आयुष्यात इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. अंत्यविधीच्या दिवशीसुद्धा नाही. त्या दिवशी निदान माणसं माझ्याशी बोलत होती.

"पन्नास एक वार," लिलाव करणारे सेक्रेटरी हळूच म्हणाले.

"शंभर," मी म्हणालो.

"अहो, पन्नासही तुमचेच होते."

"ते माझे. हे एस्तेरचे."

मग मागून घसा खाकरल्याचा आवाज आला. "एकशे दहा," मनोरमाबाई म्हणाल्या. आवाज फाटला होता, पण त्यातली खुमखुमी जुनीच होती. "एस्तेरला इतक्या स्वस्तात सोडते की काय मी!"

मग कुणीतरी हसलं, कुणीतरी दीडशे म्हणालं, आणि अंगण पुन्हा गजबजलं. मीही बोलत होतो, आवाज चढवून, हात वर करून, जन्मात कधी केलं नव्हतं तसं. हळूहळू बाकीचे गळाले आणि मनोरमाबाई व मी उरलो. त्यांनी शेवटचा आकडा उच्चारला तेव्हा माझ्या खिशात आणखी एका बोलीपुरते पैसे होते. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी त्या लिंबाकडे पाहिलं. इवलंसं, एका बाजूने अजून हिरवट. परत घ्यायचं ठरवूनच मी ते दिलं होतं, म्हणजे अजून दिलंच नव्हतं. मी गप्प राहिलो. मनोरमाबाईंनी लिंबू रुमालात बांधलं आणि माझ्याकडे न पाहता डोळे पुसले. खिशातले पैसे मी जाताना दानपेटीत टाकले. देवासाठी काढलेला पैसा एस्तेर कधी घरात परत आणत नसे.

घरी पोचलो तेव्हा ऊन बाल्कनीतून निघून गेलं होतं. कुंडीपाशी खुर्ची ओढून बसलो आणि कुणी ऐकत असल्यासारखं मोठ्याने सांगितलं, "मनोरमाबाईंनी नेलं. चढ्या भावाने."

आत फ्रिजची घरघर तेवढी चालू होती. देण्यातलं समाधान वगैरे मला काही जाणवलं नाही. एस्तेर मात्र असती, तर चहाचा कप आपटून काय म्हणाली असती, ते अगदी स्पष्ट ऐकू आलं: "खिशात पैसे होते ना? मग अजून एकदा बोलायचं होतंत, अहो."