भाऊंची वही

भाऊ मॅन्युअलचं पान बोटांनी शोधायचे. चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात, कॉम्प्युटरच्या खोलीत तीन जाडजूड इंग्रजी मॅन्युअलं होती, आणि बिडकीनहून एसटीनं येणारे हे गृहस्थ चष्मा डब्यातच ठेवून नेमकं पान उघडून द्यायचे.

मी त्यांच्या हाताखाली सहा महिन्यांच्या बोलीवर लागलेली. तेव्हा माऊस नाही, चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची. अडलं की मॅन्युअल, आणि ते लावलेलं कमांडच्या नावांच्या क्रमानं! अहो, नाव माहीत असतं तर कशाला उघडलं असतं? मी चिडले तर भाऊ म्हणाले, "बाई, जाणत्यासाठी लिव्हलंय ते. नवख्याचा इचार कोण करतंय."

म्हणून त्यांनी शंभर पानी वहीत आपली यादी केली होती, अडचणीच्या नावानं. 'छपाई मधेच थांबली तर', 'फाईल कुठं ठेवली आठवत नसेल तर', आणि पुढं पानाचा आकडा. विद्यापीठाच्या नामांतरासाठी निघालेल्या मोर्चात लाठी बसून त्यांचा उजवा हात वाकडा झाला होता, तरी अक्षर सुबक.

एकदा नामांतरावरूनच शहर बंद झालं. एसटी नाही, भाऊ नाहीत. मी जवळच राहायची, चालत पोचले, आणि जुन्या फाईली साफ करताना सुट्या भागांची चालू यादीच पुसून बसले. भाऊंनी तीन आठवडे खपून भरलेली! नोकरी गेलीच म्हणून समजा. मॅन्युअलं उलटीपालटी केली. पुसायची कमांड ऐटीत पानभर होती. परत आणायची कुठंच नव्हती. शेवटी वही काढली. 'फाईल चुकून पुसली तर' असा मथळा होता. पुढं पानाचा आकडा नाही. एवढंच: 'इलाज नाय. रडत बसू नको. मी आलो की सांग.'

दोन दिवसांनी आले. मी सांगितलं. त्यांनी यादीच्या छापील कागदांचा गठ्ठा काढला, मला वाचायला लावलं आणि त्या वाकड्या हातानं सगळी यादी पुन्हा भरली. साहेबांना पत्ताही लागला नाही. माझी नोकरी राहिली.

नामांतर झालं तेव्हा भाऊ खाटेवर होते. डोक्यात रक्त साकळलेलं, माणसं ओळखू येत नव्हती. मी पेढे घेऊन बिडकीनला गेले. कानाशी वाकून तीनदा सांगितलं, "भाऊ, झालं नामांतर." ते नुसतेच माझ्याकडं बघत राहिले.

इलाज नाही, हे मला वहीतून पाठ होतं. पण 'मी आलो की सांग' म्हणणारा माणूस समोर असून येत नव्हता. शेवटची एसटी निघून जाईपर्यंत मी तिथंच बसून राहिले. आणि हो, रडत बसले.