कासरा अप्पांच्या हातात

"कासरा आपल्या हातात पायजे," असं आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, उठता-बसता म्हणायचे. लातूरजवळच्या मुरुडात त्यांचं किराणा दुकान होतं. बैल आमच्यात सात पिढ्यांत कुणी पाळला नव्हता. घर, दुकान, आई आणि आम्ही पोरी यांचं काय करायचं ते आपणच ठरवणार, एवढाच त्याचा अर्थ. आई "हाव" म्हणायची आणि स्वतःला हवं तेच करायची.

लातूर नवा जिल्हा झाला आणि पाठोपाठ दुष्काळ पडला. अप्पांनी अंगणातल्या हौदाला लोखंडी झाकण बसवलं, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेच्या करदोड्याला बांधली. रोज सकाळी स्वतः उभं राहून ते पाणी काढून देत. दान केल्यासारखा चेहरा असायचा.

त्यात थोरल्या बहिणीच्या लेकराचं बारसं आलं. भोकरहून तिच्या सासरची माणसं येणार आणि हौदात नुसता गाळ. पाहुण्यांना पाणी कमी पडलं तर पोरीला जन्मभर ऐकावं लागेल, या काळजीनं आईला घास गोड लागेना. आदल्या दिवशी अप्पा टोपी घालून, टँकरचा अर्ज घेऊन लातूरला निघाले. आता जिल्हा आपला, साहेब आपले, असं एसटी येईपर्यंत सगळ्यांना सांगत होते.

ते गेले आणि तासाभरात टँकर आला. अर्जाची वाट न बघता आला, ही त्याची चूकच. किल्ली लातूरला. ड्रायव्हर थांबायला तयार नव्हता. आईनं कुलपावर वरवंटा घालून पाहिला. कुलूप अप्पांनीच निवडलेलं, ते हटलं नाही. मग तिनं गल्लीतल्या बायकांना हाका मारल्या आणि आमच्या वाट्याचं पाणी त्यांच्या रांजणांत, हंड्यांत भरून ठेवलं.

बारशाला त्या एकेक हंडा घेऊन आल्या. पाणी पुरून उरलं. टँकर आपल्या अर्जावरच आला असं धरून अप्पा व्याह्यांना सांगत होते, "कासरा हातात असला की समदं नीट व्हतंय." मला भयंकर राग आला, पण आईनं डोळ्यांनीच गप्प केलं.

पाहुणे गेल्यावर शेजारणीकडून अप्पांना सगळं कळलं. त्यांनी करदोड्याची किल्ली सोडून आईपुढं धरली.

"राहू द्या," आई म्हणाली, "तुमच्यापाशीच बरी हाय."

तो सगळा उन्हाळा आमचं पाणी शेजाऱ्यांकडं राहिलं आणि कुलूप रिकाम्या हौदाला. अप्पा दुकानाला निघाले की आई विचारायची, "किल्ली घेतली न्हवं?"

अप्पा कमरेला हात लावून म्हणायचे, "हाव."