पट्टीचा मेकॅनिक

त्यांना सगळे पट्टीमास्तर म्हणत. नाव शेजारच्या पंक्चरवाल्याने चेष्टेत ठेवलं होतं, आणि चेष्टेतली नावं चिकटतात तसं ते चिकटलं. मोटरसायकल कशासाठीही येवो, हॉर्न वाजत नाही म्हणून का येईना, मास्तर आधी पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरणार, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवणार आणि कान देऊन ऐकणार. केबल कुठे फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांना, घासते का? घासत असली की गिऱ्हाइकाची सुटका नव्हती. आधी रंग जातो, मग गंज धरतो, मग खरखरीत झालेल्या नळीवर सील फाटतं आणि तेल गळतं, हे सगळं त्याला ऐकून घ्यावंच लागे. तोवर मास्तरांनी जुन्या ट्यूबमधून कापलेली रबराची पट्टी केबलभोवती आवळून बारीक तारेने बांधलेलीही असे. निघताना दम द्यायचे, "माझ्या पट्टीला हात लावायचा नाही. गाडी भंगारात जाईल, पट्टी जाणार नाही."

खरं तर केबल फोर्कपासून लांब धरायला गाडीत मुळातच एक कडी असते. ती तुटली की नवी बसवायची, एवढं साधं काम. पण कडी कुणीही बसवतं. पट्टी मास्तरांचीच, आणि तिच्यावर त्यांचा भारी जीव. लेक लहानपणी दुकानात पायरीवर बसून पट्ट्या कापायची. तिची कात्री इतकी सरळ चालायची की मास्तर येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. पुढे तिच्या लग्नाच्या बोलण्यात मुलाकडच्यांना तिनेच ऐटीत सांगितलं, "आमचे अण्णा पट्टीचे मेकॅनिक आहेत." दोन्ही घरं हसली. मास्तर तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

जावई टेकडीवरच्या खडी क्रशरवर वजनकाटा सांभाळायचा. तिथली धूळ पिठासारखी, कपड्यांत, कानांत, भाकरीच्या डब्यातसुद्धा जायची. गाडी रोज चढायची, रोज उतरायची. उताराला वेग जरा जास्तच असायचा, हेही खोटं नाही. त्याच्या पुढच्या ब्रेकच्या केबलला मास्तरांनी हौसेने दुहेरी पट्टी बांधली होती. घरचा माणूस म्हटल्यावर हात आखडता कशाला घ्यायचा?

एकदा जेवताना तो म्हणाला, "अण्णा, ब्रेक दाबला की पट्टीखाली करकर लागते. सोडून बघू का?"

"जावईबापू, मी कधी तुमच्या काट्यावर येऊन वजन केलंय?"

सगळे हसले, लेक सगळ्यांत जास्त. जावई मान खाली घालून जेवू लागला. पट्टी काही सुटली नाही.

मग एका दुपारी क्रशरच्या फाटकातून ट्रक मागे आला आणि उतारावरून येणारा जावई त्याच्यावर जाऊन आदळला. जीव वाचला. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्याचं घर वरच्या मजल्यावर होतं, म्हणून दवाखान्यातून लेक त्याला माहेरीच घेऊन आली. पुढच्या खोलीत खिडकीखाली त्याची खाट पडली, आणि आल्या-गेल्याला तो एकच सांगत राहिला, "मी पुढचा ब्रेक दाबला होता. लागला नाही."

कोण विश्वास ठेवणार? ट्रकवाला म्हणाला, सुसाट आला. क्रशरवाले म्हणाले, रोजच सुसाट येतो. आणि लेकीला तर नवऱ्याच्या वेगाचा आधीपासून राग होता. तिचं दुःख सगळं तोंडावाटे बाहेर पडायचं. औषध देताना, चादर बदलताना, पाणी आणताना ती त्याला घालूनपाडून बोलायची. मास्तर आतल्या खोलीत ऐकत बसायचे.

मोडलेली गाडी दुकानातच एका कापडाखाली उभी होती. टेम्पोतून उतरवली तेव्हा ब्रेकचा दांडा सैल लोंबताना मास्तरांनी पाहिला होता. आदळल्यावर तुटणारच, असं त्यांनी स्वतःला बजावलं आणि वर कापड टाकलं. इतरांच्या गाडीचा आवाज रस्त्यावरून ओळखणारा हा माणूस, पण त्या कोपऱ्याकडे मान वळवेना. याला मी तरी भित्रेपणाच म्हणेन.

एका सकाळी लेक खाटेजवळ बसून जावयाला भरवत होती. तो परत तेच म्हणाला. तिने घास ताटात टाकला. "पाय तर घालवलासच. आता निदान खोटं तरी बोलू नकोस माझ्याशी."

जावयाने भिंतीकडे मान वळवली. मग म्हणाला, "असेल. नसेल दाबला मी. घाबरलो असेन."

आतल्या खोलीत मास्तर उठून उभे राहिले. त्याने भांडावं, ओरडावं, हे त्यांना चाललं असतं. पण तो स्वतःवरच अविश्वास ठेवायला लागला होता. ते चप्पल न घालताच दुकानात गेले आणि कापड ओढून काढलं.

तार सोडली, पट्टीवर ब्लेड फिरवलं. वरून पावसाचं पाणी शिरलं होतं, पाण्याबरोबर खडीची धूळ, आणि आवळलेल्या रबरातून दोन्हींना बाहेर पडायला वाट नव्हती. आत राखाडी लगदा साचला होता. त्याने केबलचं कवच पार खाल्लं होतं आणि आतली तार तुटलेली होती. वरून पट्टी मात्र नव्यासारखी.

पंक्चरवाला मागे येऊन उभा राहिला होता. चेष्टा करणाऱ्या त्या माणसाचा आवाजही उतरला. "ताण बसून तुटली असेल हो, मास्तर. एवढा मोठा दणका."

"दणक्याने तुटली असती तर टोकं चमकली असती." मास्तरांनी टोकं त्याच्यापुढे धरली. सगळी तांबडी, गंजलेली. "एकेक धागा करून तुटलीय. रोज थोडी थोडी. रोज करकर करून सांगत होती."

"कोण विचारतंय? टाका भंगारात."

मास्तरांनी केबल पट्टीसकट हातात गुंडाळली आणि घरी आले. लेक कपडे वाळत घालत होती. तिला बोलावून त्यांनी खाटेजवळ नेलं आणि केबल जावयाच्या हातात दिली.

"तुम्ही दाबला होता, जावईबापू. पुढचा ब्रेकच नव्हता, आणि नुसत्या मागच्याने उतारावर गाडी आवरत नाही. माझ्या पट्टीखाली केबल कुजली. तुम्ही सोडून बघतो म्हणालात, मीच बघू दिलं नाही."

जावई केबलकडे बघत राहिला. "म्हणजे मी दाबला होता ना?"

"दाबला होता."

पाय गेल्यापासून न रडलेला तो माणूस तेव्हा हमसून हमसून रडला. लेकीने त्याच्या हातातून केबल घेतली. लोंबणाऱ्या रबराची कड बोटाने चाचपली. सरळ, एका दमात कापलेली कड. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली होती तेव्हा मास्तरांनी हौसेने तिच्याचकडून कापून घेतली होती. तिने केबल खाली ठेवली. खाटेवर बसली आणि नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं.

मास्तर आता येईल त्या गाडीची पट्टी आधी कापून टाकतात. नवी कडी बसवतात, केबल मोकळी फिरते का बघतात, घासायची जागा पुसून कोरडी करतात. कुणी हट्टच धरला तर सैल पट्टी लावतात आणि सांगतात, दर धुण्याला सोडून खाली बघ, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. जुनी गिऱ्हाइकं हसतात, म्हणतात मास्तरांचं वय झालं.

घरी लेक नवऱ्याला काठी धरून चालायला शिकवते. त्या दिवसापासून वेगावरून तिने त्याला एका शब्दानेही दुखवलेलं नाही. अण्णांचं ताट ती वेळेवर वाढते, खाली ठेवते आणि आत निघून जाते. त्यांच्याशी ती त्या दिवसापासून बोललेलीच नाही.