बोळातली गरम हवा

माझ्या मुलीला घाम येत नसे. जन्मापासूनच तिच्या अंगात ती सोय नव्हती. हे डॉक्टरांच्या लक्षात येईपर्यंत आम्ही तिच्या तापावर नाना औषधं करून थकलो होतो. "हा ताप आजाराचा नाही," डॉक्टर म्हणाले. "अंगातली उष्णता बाहेर पडायला हिला वाटच नाही. हिला गार ठेवा, दुसरं औषध नाही."

सोलापुरात, वैशाखात, पत्र्याच्या छपराखाली!

मोठ्या दुष्काळानंतरची ती वर्षं. नळाचं पाणी प्यायलाच पुरायचं नाही, तिथं वाळ्याच्या ताट्या भिजवायच्या कशा? माझे यजमान एका गिरणीत कारकून होते. गिरणीच्या मॅनेजरचा बंगला रिकामा झाला आणि तिथलं सामान विकायला काढलं. त्यात खिडकीत बसवायचं एक एअर कंडिशनर होतं. जुनं, कडेनं गंजलेलं. यजमानांनी ते हातगाडीवर घालून घरी आणलं, तेव्हा गल्लीतले लोक विणकामाचे माग बंद करून बघायला आले.

आमच्या आतल्या खोलीला एकच खिडकी होती, ती मागच्या बोळात उघडायची. तिथंच ते बसवलं. सुरू होताना ते असा हिसका द्यायचं, की घरातला बल्ब पिवळा पडायचा. पण खोली हळूहळू गार झाली आणि माझी मुलगी त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा दुपारची शांत झोपली. तिच्या कपाळावर हात ठेवून मी कितीतरी वेळ बसून होते. कपाळ माझ्या तळव्याइतकंच कोमट होतं.

मग वाळत घातलेले कपडे काढायला मी बोळात गेले आणि वळणावरच थबकले. भट्टीचं दार उघडावं तशी झळ अंगावर आली. खोलीतली सगळी उष्णता ते यंत्र मागच्या जाळीतून बोळात ओतत होतं. समोर, दोन हातांवर, अक्का विड्या वळत बसली होती.

अक्का म्हणजे मागच्या खोलीतली भाडेकरू. घरात तेलुगू बोलायची, आमच्याशी मराठी. नवरा मागावर, ती विडीवर, आणि सासू बोळातल्या बाजेवर पडून. त्यांच्या खोलीत उजेड नव्हता, वारा नव्हता. दिवसभर सावली असायची ती या बोळातच. अक्काच्या मांडीवर सूप होतं. शेजारी ओल्या गोणपाटात गुंडाळलेली विडीची पानं. ती पानं ओलसर राहिली तरच वळतात. वाळली की तडकतात, आणि तडकलेल्या विड्या कारखान्यात बाजूला काढून टाकतात. हे मला त्याच दिवशी कळलं, कारण तिच्यापुढं तडकलेल्या पानांचा ढीग पडला होता.

"अक्का, ही हवा..." मी म्हणाले.

"पापा झोपली का?" तिनं विचारलं. लहान मुलीला ती पापाच म्हणायची.

"झोपली."

"मग झालं की." तिनं बाज थोडी पलीकडं ओढली आणि गोणपाटावर पाणी शिंपडलं. तिच्या वाट्याच्या पिण्याच्या पाण्यातलं.

त्यानंतर मी खटका दाबला, की मला आधी मागची झळ आठवायची. मुलीचं अंग निवलं, की मनातल्या मनात वाटायचं, ही उष्णता नाहीशी झालेली नाही. मी ती फक्त दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकली आहे.

काही दिवसांनी यंत्राची थंडी कमी झाली. पुढची जाळी मी दर आठवड्याला काढून धूत असे. मागांच्या गल्लीत हवेत सुताची लव उडायची, ती जाळीवर जाड कापडासारखी बसायची. पण आता धुऊनही उपयोग होईना. यंत्र दुरुस्त करणारे मेस्त्री आले. त्यांनी मागची बाजू उघडून ब्रश फिरवला, तर तपकिरी चिखल गळायला लागला.

"इसकू सांस लेनेकू जगा नै," ते म्हणाले. मग मराठीत म्हणाले, "बाई, ही तंबाखूची धूळ हाय. मागं कोण विड्या वळतंय? त्यांला तितनं उटवा. न्हायतर दर महिन्याला मला बोलवावं लागंल."

मेस्त्री गेल्यावर यजमान म्हणाले, "तू सांग त्यांना. बायकाबायकांत बोलणं बरं."

"मी काय सांगू? आपण त्यांना भाजतोय, आणि वर त्यांनीच उठायचं?"

दुपारी मी बोळात गेले आणि जे सांगायला गेले होते ते न सांगता म्हणाले, "अक्का, आत आमच्या खोलीत येऊन बसा. सूप तिथंच आणा."

ती आली. भिंतीला टेकून अवघडून बसली. थोड्याच वेळात मुलीला तंबाखूनं शिंका सुरू झाल्या आणि त्या कोरड्या गारव्यात पानं बोळातल्यापेक्षाही लवकर वाळली. अक्कानं सूप उचललं.

"हितं माजी बोटं चालत न्हाईत, वैनी. आन् सासू एकटी हाय."

ती उठली याचं मला वाईट वाटलं. त्याहून वाईट हे, की जरा सुटल्यासारखंही वाटलं.

मग एके दिवशी भर दुपारी वीज गेली. यंत्र थांबलं आणि पत्र्याखालची खोली बघता बघता तापली. मुलीचं अंग फणफणलं, डोळे अर्धवट मिटले. घरात तांब्याभर पाणी होतं. मी पदरानं वारा घालत ओरडले, कुणाच्या नावानं ते आठवत नाही. अक्का धावत आली ती ओलं गोणपाट घेऊनच. पानं तिनं तशीच बोळात टाकली होती. तिनं मुलीला त्या गोणपाटात गुंडाळलं, मांडीवर घेतलं आणि आपल्या हंड्यातलं पाणी तिच्या डोक्यावर थेंब थेंब सोडत राहिली. दिवेलागणीला वीज आली. तोवर मुलगी शुद्धीवर येऊन रडायला लागली होती.

मी यंत्र लावायला उठले. खटक्यावर बोट ठेवलं आणि अक्काकडं बघितलं.

"लावा की," ती म्हणाली. "बघताय काय?"

मी लावलं.

त्याच रात्री मी यजमानांच्या मागं लागले. मुलीचं अंथरूण बाहेरच्या खोलीत हलवायचं आणि तिथली रस्त्याच्या बाजूची भिंत फोडून यंत्र तिकडं बसवायचं, वर उन्हासाठी पत्रा. त्यांनी ऐकलं, पण गवंडी मिळून काम व्हायला दिवाळी उजाडली. त्याआधीच, पावसाळ्यात, अक्काचं बिऱ्हाड दुसऱ्या पेठेत गेलं होतं. मी माहेरी होते तेव्हाच ते गेले. मागच्या खोलीत नवे भाडेकरू आले. पुढच्या उन्हाळ्यात त्यांची म्हातारी बोळात निवांत झोपायची. तिथं कधी झळ होती हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

दोनेक वर्षांनी भाजीबाजारात अक्का भेटली. तिनं पिशवी खाली ठेवली आणि आधी मुलीच्या मानेला हात लावून पाहिलं.

"गार हाय," ती हसली.

"अक्का, तुम्ही आमच्या यंत्रामुळं गेलात का?"

"छे! कारखाना जवळ पडतो तितनं. पानं आणायला बरं."

"खरं सांगा."

"खरंच की वो." तिनं मुलीच्या हातात एक पेरू ठेवला आणि गर्दीत निघून गेली.

बोळात बाजेवर पडून असायची त्या सासूबद्दल विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. अक्काच्या अंगावर नवं लुगडं होतं, सगळं ठीक असावं. पण मी विचारलं नाही. उत्तर काय येईल याची मला भीती वाटली.